शब्दचर्चा : ‘गोदा’ हे मुलीचे नाव

प्रश्न

आमच्याकडे नाशिकला पुढील महिन्यात बारसे आहे आणि मुलीचे नाव ‘गोदा’ ठेवावे असे तिच्या आईवडिलांच्या मनात आहे. घरातील ज्येष्ठांचे म्हणणे असे की ‘गोदा’ हे स्वतंत्र नाव नव्हे, ते ‘गोदावरी’चे घरगुती लघुरूप आहे, आणि ठेवायचेच तर पूर्ण नाव ठेवावे. मुलीला नदीचे नाव ठेवू नये असे शास्त्रवचन आहे, असेही गुरुजींनी सुचवले. या नावाची व्युत्पत्ती काय, ते पूर्वी कितपत प्रचलित होते आणि आज इतके दुर्मिळ का झाले, यावर जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद

ताई, आधी लघुरूपाच्या आक्षेपाचे पाहू, कारण तो मला मुळातच मान्य नाही. ‘गोदा’ हा व्याकरणदृष्ट्या स्वयंपूर्ण शब्द आहे. ‘दा’ म्हणजे देणे या धातूला, त्याच्या आधी कर्म आले असता, ‘अ’ हा प्रत्यय लावून दात्याचा अर्थ सांगणारे शब्द साधावेत, असा पाणिनीचा नियम आहे (३.२.३), आणि त्या सूत्राखाली परंपरेने दिले जाणारे उदाहरणच ‘गोदः’ असे आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘गोदा’. नर्मदा, यशोदा, वरदा, सुखदा ही सगळी नावे याच घडणीची आहेत, आणि त्यांतील एकालाही आपण कशाचे तरी लघुरूप म्हणत नाही.

मग ‘गोदावरी’तील ‘वरी’ कोठून आली? ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, म्हणून गोदावरी म्हणजे देणाऱ्यांत श्रेष्ठ, असा अर्थ अनेक ठिकाणी सांगितला जातो. तो कानाला गोड लागतो, परंतु व्याकरणाला त्याची गरज नाही. ज्या शब्दांच्या शेवटी ‘वन्’ असते त्यांचे स्त्रीलिंग ‘वरी’ होते (पाणिनी ४.१.७), ‘पीवन्’ म्हणजे पुष्ट, त्याचे ‘पीवरी’. ऋग्वेदात ‘भूरिदावन्’ म्हणजे पुष्कळ देणारा असा शब्द येतो, त्यातील ‘दावन्’ घेतला की ‘गोदावन्’ आणि त्याचे स्त्रीलिंग ‘गोदावरी’ सरळ सिद्ध होते. म्हणजे संस्कृत व्याकरणाच्या चौकटीत ‘गोदा’ आणि ‘गोदावरी’ हे एकाच धातूपासून दोन वेगळ्या प्रत्ययांनी झालेले, एकाच अर्थाचे दोन शब्द आहेत. त्या सख्ख्या बहिणी आहेत; एकीला कापून दुसरी केलेली नाही.

‘गो’ या शब्दाला गाय, पाणी, पृथ्वी, किरण, वाणी असे अनेक अर्थ असल्यामुळे ‘पाणी देणारी’ हा अर्थही तितकाच ग्राह्य आहे आणि नदीला तो अधिक शोभतो. पुराणकथेने मात्र गाईचा अर्थ धरला: ब्रह्मगिरीवर गौतम ऋषींच्या हातून गाय दगावली, त्या पातकाच्या क्षालनासाठी त्यांनी तप करून गंगा खाली आणली, आणि म्हणून ती गौतमी व गोदा. नाशिककर आजही तिला नुसते ‘गंगा’ म्हणतात आणि ‘गंगेवर जाऊन येतो’ असे सांगतात, ते याच कथेच्या बळावर.

गाई देणे ही केवळ कथेतली कल्पना नव्हती, याचा पुरावा आपल्या गावाच्या वेशीवर दगडात कोरलेला आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे आणि त्यात त्याने स्वतःला ‘त्रिगोशतसहस्रद’, म्हणजे तीन लाख गाई देणारा, असे विशेषण लावले आहे. या लांबलचक समासाच्या पहिल्या भागात ‘गो’ आहे आणि शेवटी तोच ‘द’ आहे. ज्या भूमीत राजाचा जावई हे बिरूद अभिमानाने कोरून ठेवतो, तेथे नदीला आणि नदीवरून मुलीला ‘गोदा’ म्हणणे किती स्वाभाविक होते, हे वेगळे सांगायला नको. (त्याच डोंगरात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचाही लेख आहे, मात्र तिच्या नावातील ‘गौतमी’ हे गोत्रावरून आलेले आहे, नदीवरून नव्हे. या दोन्हींची गल्लत अनेकदा होते, म्हणून नोंदवतो.)

दोन अक्षरांचे रूप जुने आहे, हे प्राकृतावरूनही दिसते. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त या नदीला ‘गोला’ म्हटले आहे. ‘द’चा ‘ल’ होणे आपल्याला परके नाही. ‘दोहद’ आणि ‘दोहल’ ही जोडी प्रसिद्ध आहे आणि आपले ‘डोहाळे’ त्यातूनच आले. तात्पर्य, गोदाकाठच्या बोलण्यात नदीचे दोन अक्षरी नाव निदान दीड हजार वर्षांहून अधिक काळ रुळलेले आहे.

आता शास्त्रवचनाविषयी. गुरुजींनी सांगितलेले वचन खरे आहे, पण ते नाव ठेवण्याविषयीचे नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात (३.९) वधू निवडताना नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प इत्यादींची नावे असलेली कन्या करू नये असे म्हटले आहे. मुलींची नावे कशी असावीत हे त्याच ग्रंथात दुसऱ्या अध्यायात (२.३३) येते: उच्चाराला सोपे, कठोर नसलेले, अर्थ स्पष्ट असलेले, मनोहर, मंगल, अंती दीर्घ स्वर असलेले आणि आशीर्वाद सूचित करणारे. ‘गोदा’ या सर्व कसोट्यांना उतरते. पारस्कर गृह्यसूत्रातील स्त्रीनामाची अक्षरे विषम असावीत ही अट तेवढी ते पाळत नाही. ती तर ‘सीता’ आणि ‘राधा’ही पाळत नाहीत.

महत्त्वाचे असे की मराठी समाजाने नदीनामांची ती मनाई व्यवहारात कधी मानलीच नाही. गोदावरी, यमुना, कृष्णा, तापी, भागीरथी, नर्मदा, सरस्वती या नावांवाचून मागील शतकातील एखादे घर सापडणे कठीण होते. तरीही एक गोष्ट मला लक्षणीय वाटते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. रमाबाई रानडे यांचेही यमुना. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी विवाह केला त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई झाल्या आणि पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. चारही जणींच्या नद्या माहेरीच राहिल्या. याचे कारण मनूचे वचन होते असे मी म्हणणार नाही, कारण लग्नात नाव बदलण्याची चाल सर्वच नावांना लागू होती. पण आपल्या आजी-पणजींच्या पिढीतील कितीतरी गोदा कागदोपत्री का दिसत नाहीत, याचे उत्तर लग्नात वधूचे नवे नाव ज्यात लिहितात त्या तांदळाच्या ताटात आहे.

नाव टिकवणाऱ्यांत गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) यांचा उल्लेख आवर्जून करायला हवा. श्यामराव परुळेकरांशी विवाह झाल्यावरही त्या गोदावरीच राहिल्या, डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये त्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला, आणि लोकांनी त्यांना ‘गोदूताई’, ‘गोदाराणी’ अशी नावे दिली. सोलापूरजवळच्या कुंभारी येथील विडी कामगारांच्या वसाहतीलाही गोदूताईंचेच नाव आहे. घरगुती हाकेला एवढी सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाल्याची उदाहरणे मराठीत थोडीच आहेत.

हे नाव मागे पडले ते अर्थामुळे नव्हे. गोदाबाई, गोदाक्का, गोदी अशा हाकांमधून ते एका पिढीला इतके चिकटले की पुढच्या पिढीला ते वृद्धेचेच नाव वाटू लागले. कावेरी, कृष्णा, जान्हवी, शरयू या नद्या मुलींच्या नावांत परतल्या किंवा टिकून राहिल्या. गोदा मात्र आपल्याच गावी गोदाघाट, गोदाआरती, गोदाकाठ अशा शब्दांत रोज उच्चारली जाते आणि हजेरीपटावर क्वचितच भेटते. नाशिककरांसाठी ही गोष्ट मला मनापासून खंत वाटावी अशी आहे. वाल्मीकींच्या रामायणात रावण सीतेला पंचवटीतून नेत असताना ती ज्यांना हाका मारते त्यांत गोदावरी आहे. ‘रामाला लवकर सांग’ अशी विनवणी ती नदीला करते. असे नाव पंचवटीच्या पाळण्यात पुन्हा ऐकू यावे, ही इच्छा मी लपवू इच्छित नाही.

पुरवणी प्रश्न

आमच्या तमिळ शेजारणीचे म्हणणे असे की ‘गोदा’ हे आंडाळचे नाव आहे आणि त्याचा नदीशी संबंध नाही. हे खरे काय? आणि नाव विभक्तीत कसे चालवायचे: ‘गोदाला’ की ‘गोदेला’?

प्रतिसाद

शेजारीणबाईंचे म्हणणे त्यांच्या परंपरेपुरते बरोबर आहे. श्रीविल्लीपुत्तूरची संतकवयित्री आंडाळ हिचे तमिळ नाव ‘कोदै’. त्या भाषेत त्याचा अर्थ फुलांची माळ, आणि देवाला अर्पण करायची माळ आधी स्वतः घालून पाहणाऱ्या आंडाळला ते फार शोभते. संस्कृतात तेच नाव ‘गोदा’ असे झाले. वैष्णव आचार्य वेदान्तदेशिकांचे ‘गोदास्तुति’ हे स्तोत्र तिच्यावरच आहे. ती तुळशीच्या बागेत भूमीवर सापडली, म्हणून ‘गो’ म्हणजे पृथ्वी, तिने दिलेली ती गोदा, असाही अर्थ तेथे लावला जातो. आपली गोदा नदीवरून आली आणि त्यांची माळेवरून. मुळे वेगळी असली तरी रूप एकच झाले आहे, आणि दक्षिणेतील स्नेही या नावाने मुलीला हाक मारतील तेव्हा त्यांना ते पूजनीय वाटेल, हा लाभच म्हणायचा. हिंदीतील ‘गोद’शी मात्र याचे केवळ ध्वनिसाम्य आहे.

विभक्तीचा प्रश्न चांगला विचारलात. आकारान्त स्त्रीलिंगी सामान्यनामांचे सामान्यरूप एकारान्त होते: शाळा, शाळेला. नदीच्या नावाला आपण हाच नियम लावतो आणि ‘गोदेला पूर आला’, ‘गोदेच्या काठी’ असे लिहितो. देवदेवता व पुराणातील स्त्रिया यांच्याबाबतीतही ‘सीतेने’, ‘राधेला’ अशीच रूपे रूढ आहेत. आजच्या व्यक्तींची नावे मात्र आपण न बदलता चालवतो: ‘सुनीताला’, ‘स्नेहाचे’. त्यामुळे मुलीसाठी ‘गोदाला’, ‘गोदाचा’, ‘गोदाने’ असे लिहावे. एकाच वाक्यात दोघी आल्या तरी घोटाळा होत नाही, कारण ‘गोदाला गोदेवर घेऊन गेलो’ असे म्हटल्यावर मुलगी कोण आणि नदी कोण हे सामान्यरूपच सांगते. जन्मदाखल्यावर ‘गोदा’ एवढेच लिहावे. घरातील ज्येष्ठांना ‘गोदावरी’ अशी पूर्ण हाक मारायची असेल तर त्यांना कोण अडवणार आहे?