मदत हवी आहे: बीबीसी मायक्रोसाठी नवा प्रोसेसर बोर्ड – आमचं गणित कोणी तपासून देईल का?

नमस्कार मंडळी,

नागपुरात आम्ही काही जण जुन्या कॉम्प्युटरांच्या नादी लागलोय. १९८४ च्या 'क्लास' प्रकल्पात शाळाशाळांत गेलेले बीबीसी मायक्रो (ब्रिटनच्या ॲकॉर्न कंपनीचे कॉम्प्युटर) आठवतात का? त्यातली दोन मशीन भंगारवाल्याकडून सोडवली. पॉवर सप्लायमधले तडकलेले कपॅसिटर बदलले (न बदलता चालू करू नका, धूर निघतो), की दोन्ही मशीन 'टूं-टुक' करून उठली.

आता डोक्यात प्रोसेसर बोर्ड आहे. मूळचा प्रोसेसर, ६५०२ए, २ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याच्या ४० पायांच्या सॉकेटात बसेल असा छोटा पीसीबी (सर्किट बोर्ड) करायचा आणि त्यावर आजही तयार होणारा डब्ल्यूडीसी कंपनीचा डब्ल्यू६५सी०२एस (६५०२ चाच नवा अवतार) लावायचा. ही चिप ५ व्होल्टवर १४ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. त्याच जमान्यातल्या झेड८० प्रोसेसरचं सुटं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं, तेव्हा मिळतंय तोवर करून घेऊ असा विचार.

आमच्यातला एक जण म्हणतो, एफपीजीए (हवं ते सर्किट आत भरता येणारी चिप) लावा, सगळंच त्यात बसेल. बसेल की! पण मग ३.३ व्होल्ट आलं, बारीक पायांच्या चिपा आल्या, आणि ज्याच्याकडे साधी सोल्डरिंग आयर्न आहे तो गेला घरी. मला पायांची, ५ व्होल्टची, बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन सुटे भाग आणता येतील अशी रचना हवी आहे. मुख्य चिप बाहेरून मागवावीच लागेल, ते मान्य.

पायांतले फरक शोधले आहेत. मूळ चिपचा पाय १ ग्राउंड, नवीचा पाय १ आउटपुट (व्हीपीबी), म्हणून तो सॉकेटकडे जाऊ द्यायचा नाही. पाय ३६ (बीई) जुन्यात रिकामा, नव्यात इनपुट, तो ५ व्होल्टला बांधायचा.

अडलोय ते इथे:

एक, लेव्हल. डेटाशीटप्रमाणे नव्या चिपला 'हाय' म्हणून व्होल्टेजच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. मशीनमधले जुने टीटीएल आणि एनमॉस प्रकारचे भाग हमी देतात २.४ व्होल्टची. डेटा बसवर (डेटाच्या आठ तारांवर) ३.३ किलोओहमचे पुल-अप (५ व्होल्टकडे ओढणारे रेझिस्टर) लावून भागेल, की बफर (सिग्नल पूर्ण व्होल्टेजने पुढे देणाऱ्या चिपा) घालावेच लागतील?

दोन, वेग. बोर्डावरच ३२ केबी स्टॅटिक रॅम ठेवून ८ मेगाहर्ट्झवर पळवायचं म्हणतोय. वाचायचं बोर्डावरच्या रॅममधून, पण स्क्रीन मशीनच्या मूळ रॅममधून रंगते, म्हणून लिहिणं दोन्हीकडे. सगळ्यात मोठ्या मोडमध्येही स्क्रीन मेमरीच्या हेक्स ३००० या पत्त्यापासून सुरू होते. मग ३००० च्या खालचं लिखाण बाहेर पाठवलंच नाही तर? झिरो पेज आणि स्टॅक (मेमरीची पहिली दोन पानं, प्रोसेसर सतत वापरतो ती) पूर्ण वेगात चालतील.

ट्यूबवर (दुसरा प्रोसेसर जोडायचं बीबीसीचं पोर्ट) जोडप्रोसेसर लावा असं कोणी सुचवण्याआधी सांगतो: तो प्रकार झकास आहे, ॲकॉर्नने पहिला एआरएम १९८५ मध्ये तसाच बीबीसीला जोडून चालवला होता. पण थेट स्क्रीन मेमरीत लिहिणारे गेम ट्यूबपलीकडून चालत नाहीत, आणि पोरांना गेमच पाह्यजेत.

– बर्डीकर

प्रतिसाद १ – तांब्याचीतार

बर्डीकर, पुल-अपचा नाद सोडा. बसची कपॅसिटी १०० पिकोफॅरड धरा. ३.३ किलोओहमला टाइम कॉन्स्टंट झाला ३३० नॅनोसेकंद. २.४ वरून ३.५ व्होल्टपर्यंत चढायला साधारण १८० नॅनोसेकंद जातात. २ मेगाहर्ट्झला फाय-टू क्लॉकचा वरचा अर्धा असतो २५० चा, आणि रॅममधून डेटा त्यातही उशिरा येतो. टेबलावर चालेल, नंतर रुसेल. रेझिस्टर १ किलोओहम केला तर 'लो' करताना चिपला ५ मिलिअँपच्या आसपास ओढावे लागतात, आणि बसवरची ६५२२ ही पोर्ट सांभाळणारी चिप हमी देते १.६ ची.

७४एचसीटी२४५ बफर लावा. त्याला २ व्होल्ट 'हाय' पुरतात आणि बाहेर जवळपास पूर्ण ५ मिळतात. उशीर पंधरा-वीस नॅनोसेकंद, २ मेगाहर्ट्झला तो कुठल्या कुठे जिरतो. आयआरक्यू, एनएमआय (दोन्ही इंटरप्ट), रेडी (प्रोसेसर थांबवणारा), रीसेट आणि क्लॉक हेही एचसीटीतूनच घ्या. लोक डेटा बस सुधारतात आणि क्लॉक विसरतात.

फक्त एक सांभाळा. फाय-टू पडताक्षणी २४५ बंद केला तर लिहिताना डेटाची पकड सुटते. तो सिग्नल एखाद-दोन गेटांतून उशिरा द्या.

प्रतिसाद २ – धंतोलीची_मावशी

वरच्यांशी सहमत. वेगाबद्दल बोलते. ३००० ची रेघ मला पटली नाही. स्क्रीन चालवणाऱ्या ६८४५ चिपच्या रजिस्टर १२ आणि १३ मध्ये स्क्रीनचा सुरुवातीचा पत्ता कोणीही बदलू शकतो, आणि गेमवाले बदलतात. तुमच्या रचनेत असा गेम कचरा दाखवेल आणि चूक कुठे हे शोधता शोधता उन्हाळा निघून जाईल. फक्त ०००० ते ०१एफएफ (झिरो पेज आणि स्टॅक) आत ठेवा. वेगाचा मोठा वाटा तिथेच मिळतो, बाकी सगळं लिखाण बाहेर जाऊ द्या.

रॉमसुद्धा बोर्डावरच्या रॅममध्ये उतरवणार असाल, तर ३२ केबी पुरणार नाही आणि एफई३० या पत्त्यावर नजर ठेवावी लागेल. कुठली साइडवेज रॉम (एकाच पत्त्यावर आलटून-पालटून लागणारी) चालू आहे हे त्या रजिस्टरमध्ये लिहितात, पण मॉडेल बीवर ते परत वाचता येत नाही. बोर्डाने स्वतःची प्रत ठेवायची. एफसी०० ते एफईएफएफ हा भाग मात्र कायम मशीनच्या क्लॉकवर. तिथली १ मेगाहर्ट्झची उपकरणं आली की मशीन क्लॉक लांबवते, त्यात तुम्ही लुडबुड करू नका.

आणि वेग कमी करायचा जंपर हवाच. स्क्रीनचे दोन भाग दोन मोडमध्ये दाखवणारे गेम सूचना मोजून लिहिलेले असू शकतात.

प्रतिसाद ३ – वऱ्हाडी_बिट

भाऊ, चिप कुठून घेऊन राहिले? स्वस्तातल्या बऱ्याच चिपा घासून नवं नाव छापलेल्या निघतात. डब्ल्यूएआय आणि एसटीपी या दोन सूचना चालवून पाहा, रॉकवेल कंपनीच्या ६५सी०२ मध्ये त्या नाहीत. आणि जुन्या ६५०२ च्या बेकायदा (अधिकृत यादीत नसलेल्या) सूचना वापरणारे गेम नव्यावर चालणार नाहीत, तिथे त्या नुसत्या एनओपी (काहीच न करणाऱ्या) होतात. पोरांना आधीच सांगून ठेवा.

सॉकेटात जाड चौकोनी पिना खुपसू नका, जुनं सॉकेट सैल होतं. बारीक गोल पिनांची पट्टी घ्या.

मे महिन्यात चाचणी कराल तर सुरुवातीच्या व्हिडिओ यूएलए चिपवर हीटसिंक आहे का तेही बघा. अन् कूलर थेट मशीनवर सोडू नका राजेहो, हवा गार पण ओली असते.

बर्डीकर

मावशी, तांब्याचीतार, वऱ्हाडीभाऊ, सगळ्यांचे आभार. पुल-अप रद्द. ३००० ची रेघही रद्द, फक्त दोन पानं आत.

आता असं ठरतंय: पहिला बोर्ड नुसता २ मेगाहर्ट्झचा, एचसीटी बफरसकट. रॅमची जागा आणि ट्रॅक त्यावरच ठेवतो, पण चिप बसवत नाही. तो सगळे मोड, डिस्क आणि कॅसेट नीट चालवू लागला की ८ मेगाहर्ट्झकडे जाऊ. एफपीजीएवाला मित्र अजून फुगून बसलाय, त्याला क्लॉक बदलण्याचं सर्किट दिलंय, त्यात डोकं घालेल.

मावशी, लिखाणासाठी एक बाइट धरून ठेवणारा लॅच घातला तर ८ मेगाहर्ट्झला प्रोसेसर थांबवावा लागणार नाही असं वाटतं. पण लागोपाठ दोन लिखाणं आली तर? दुसऱ्याला रेडीवर थांबवायचं, की क्लॉकच लांबवायचा? आणि नागपुरात कोणाकडे चार चॅनेलचा ऑसिलोस्कोप असेल तर एखाद्या रविवारी घेऊन या, चहा-तर्रीपोहे आमच्याकडून.