घरच्यांना घेऊन छोट्या विमानातून पहिली लांबची ट्रिप, काय काय बघायचं?

नवा_पंख:

मंडळी, लायसन्स मिळून सात महिने झाले, लॉगबुकात ९६ तास आहेत. आत्तापर्यंतचं उडणं म्हणजे एकटा नाहीतर शेजारी एखादा मित्र, तास दीड तास फिरायचं आणि परत त्याच धावपट्टीवर उतरायचं. आता पुढच्या महिन्यात बायको आणि दोन्ही मुलांना (१४ आणि ११ वर्षं) घेऊन तीन दिवसांची ट्रिप करायचं मनात आहे. अंतर ३०० नॉटिकल मैल. विमान क्लबचं सेसना १७२, म्हणजे चार सीट आणि आम्ही चौघं, बरोब्बर बसतं. ११० नॉटने (ताशी ११० नॉटिकल मैल) पावणेतीन तास होतात, टँक फुल करून एका दमात जायचा विचार आहे. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारी परत, सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय.

वजनं विचाराल म्हणून आधीच देतो, मी ८४, बायको ६२, मुलगा ५५, मुलगी ३८, आणि बॅगा मिळून साधारण ३० किलो. या विमानाच्या कागदावर युजफुल लोड (माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून) ३९२ किलो लिहिलाय. टँकमधे वापरता येण्यासारखं पेट्रोल २०० लिटर. मी फक्त व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून उडणारा, ढगात नुसत्या उपकरणांवर उडायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही.

बायको छोट्या विमानात याआधी एकदाच बसलीय, वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं तिने माझी बाही धरून काढली होती. तरी स्वतःहून हो म्हणालीय त्यामुळे मला ही ट्रिप तिच्यासाठी चांगली व्हायला हवीय. ज्यांनी घरच्यांना घेऊन अशा ट्रिपा केल्यात त्यांनी मोकळेपणाने सांगा, प्लॅन चुकत असेल तर तसंही सांगा.

हिशेब_आधी:

अभिनंदन, आणि वजनं आधीच दिलीत हे फार बरं केलंत, बहुतेक जण इथेच अंदाजपंचे करतात.

आता बघा. एव्हगॅसचं (विमानाच्या पेट्रोलचं) वजन लिटरला ०.७२ किलो धरा, म्हणजे २०० लिटरचे १४४ किलो झाले. ३९२ मधून १४४ गेले, उरले २४८. तुम्ही चौघं २३९. बॅगांना राहिले ९ किलो आणि तुमच्या बॅगा ३० च्या. म्हणजे टँक फुल, माणसं फुल आणि सामानही, असं हे विमान नेणारच नाही. चार सीटच्या बहुतेक छोट्या विमानांची हीच गत आहे, सीट चार म्हणजे चार माणसं पूर्ण टँकसकट असा त्याचा अर्थ नसतो.

बरं मग पेट्रोल कमी घेऊ, १५० लिटर. त्याचे १०८ किलो, उरले २८४, तुम्ही २३९, सामानाला ४५ मिळतात, वजनाचं गणित सुटलं. पण ताशी ३४ लिटर धरलं तर १५० लिटर म्हणजे जेमतेम ४ तास २५ मिनिटं. वारा नसेल तर पावणेतीन तासात पोचता आणि हातात दीड तासावर शिल्लक राहते, छान. पण समोरून २५ नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ८५ वर येतो आणि तेच ३०० मैल साडेतीन तासांचे होतात, वर टॅक्सी (जमिनीवर चालवणं) आणि क्लाइंबचं (वर चढण्याचं) पेट्रोल वेगळं. मग उतरताना टँकमधे पाऊण तासाचंही राहत नाही. अमेरिकेच्या नियमात दिवसा व्हीएफआरला ३० मिनिटांचं रिझर्व्ह चालतं, पण माझ्या मते घरचे बसलेले असताना एका तासाच्या खाली जायचंच नाही.

आणि जाताना मागून वारा मिळेल, येताना समोरून, म्हणजे फिट्टंफाट, असंही नसतं हां. तोच २५ नॉटचा वारा धरा, जायला सव्वादोन तास, यायला साडेतीन, एकूण पावणेसहा, आणि वाराच नसता तर साडेपाचच्या आत. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकतो म्हणून तो नेहमी थोडा जास्तच खातो.

म्हणून माझं मत, मधे एक हॉल्ट घ्या. दीडशे दीडशे मैलांचे दोन टप्पे, पेट्रोल तिथे भरा. मुलांचेही पाय मोकळे होतील, विमानात टॉयलेट नाही हे विसरू नका.

अजून एक, नुसतं एकूण वजन बघून थांबू नका, सीजी, म्हणजे वजनाचा मध्य कुठे येतो तो काढा, आणि निघतानाचा काढाल तसाच टँक रिकामा धरूनही काढा. आजवर तुम्ही पुढच्या दोन सीट भरून उडलात, आता मागे माणसं आणि त्यांच्यामागे बॅगा, उतरताना नाक हाताला हलकं लागेल, फ्लेअर करताना (टेकायच्या आधी नाक उचलताना) जरा जास्तच वर येईल. ट्रिपच्या आधी एकदा इन्स्ट्रक्टरला शेजारी घ्या, मागे दोन धडधाकट मित्र बसवा आणि चार पाच लँडिंग करून या. माझ्या यादीत हे सगळ्यात वरती आहे.

मागची_सीट:

मी पायलट नाही, नवरा पायलट आहे. नऊ वर्षं त्याच्याबरोबर फिरतेय आणि पहिली दोन वर्षं मी पण बाही धरणारीच होते, म्हणून तुमच्या बायकोच्या बाजूने लिहिते.

आम्हाला भीती वाटते ती बहुतेक वेळा उंचीची नसते, अचानक बदललेल्या आवाजाची असते. टेकऑफनंतर थोड्या वेळाने इंजिनचा आवाज एकदम उतरतो ना, तुम्ही नेहमीसारखी पॉवर कमी केलेली असते, पण मागे बसलेल्या माणसाला वाटतं इंजिन बंद पडलं. पहिल्यांदा माझे हातपाय गार पडले होते आणि हा शांतपणे नकाशा बघत होता. फ्लॅपची (पंखाच्या मागच्या खाली वळणाऱ्या पट्ट्यांची) मोटर घुरघुरते, उतरताना अगदी शेवटी ते स्टॉलचं, म्हणजे वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारं, भोंग्यासारखं वाजतं, ते तर कुणी आधी सांगितलं नसेल तर जीवच जातो. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिला उभ्या विमानात बसवा आणि एकेक आवाज कुठे, कधी आणि का येणार ते सांगा. आणि उडताना पण, करायच्या आधी बोला, "आता आवाज कमी होईल", एवढंच. मला नुसत्या त्या एका वाक्याने केवढा फरक पडला.

दाराचं पण सांगा. छोट्या विमानाचं दार कधीकधी नीट लागलेलं नसतं आणि वर गेल्यावर फटकन दोन बोटं उघडतं. आवाज भयंकर होतो, वारा येतो, पण विमान उडत राहतं. धोका कशाचा, तर कुणीतरी घाबरून पट्टा सोडून दार ओढायला जातं आणि पायलटचं लक्ष समोरून उडतं. मुलांना आधीच सांगून ठेवा, दार उघडलं तरी हात लावायचा नाही, बाबा उतरून बंद करेल.

मुलीला गाडीत लागतं का? लागत असेल तर तिला बाहेर लांब क्षितिजाकडे बघायला लावा, मोबाईल आणि पुस्तक बंद, आणि पिशव्या हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. उतरायला लागायच्या आधी मुलं झोपली असतील तर उठवा, झोपेत गिळणं कमी होतं आणि कान दुखतात. चघळायला काहीतरी द्या. नवरा मुलं असताना मिनिटाला ३०० फुटांच्या वर उतरतच नाही, त्यासाठी लांबूनच खाली यायला सुरुवात करतो.

आणि तिला काम द्या. आमच्याकडे माझं काम म्हणजे दुसरी विमानं शोधणं, दिसलं की "दोन वाजता, आपल्यापेक्षा खाली" असं सांगायचं. त्याने दोनदा माझ्यामुळे आधी बघितलंय. ज्याला काम असतं तो घाबरायला मोकळा राहत नाही.

वाऱ्याची_दिशा:

वरच्या दोघांनीही उत्तम लिहिलंय. मला तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य टोचलं, "सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय".

वजन, पेट्रोल, लँडिंग हे सगळं तुम्ही सांभाळाल, मन लावून विचारताय त्यावरूनच दिसतं. पण रविवारी दुपारी ढग खाली आले, मुलं कंटाळलीत, बायको म्हणतेय उद्या शाळा आहे, आणि डोक्यात सोमवार. त्या वेळी माणूस हवामान बघत नाही, हवामानात फट शोधतो. मी २२ वर्षं उडतोय आणि जेव्हा जेव्हा माझं चुकलं ते परतीच्या दिवशी चुकलं, जाताना एकदाही नाही.

व्हीएफआर पायलट ढगात शिरला तर काय होतं यावर १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्रयोग झाला होता. इन्स्ट्रुमेंटवर उडायची सवय नसलेले २० पायलट घेतले, त्यांना बाहेरचं दिसेनासं केलं, आणि ताबा जायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाही. कारण कानाच्या आतला द्रव. वळण सावकाश आणि लांबलं की वीसेक सेकंदात तो द्रव वळणाच्याच वेगाने फिरायला लागतो आणि शरीर सांगतं आपण सरळ चाललोय. प्रत्यक्षात विमान कलून खाली गोल गोल उतरत असतं, आपण नाक वर ओढतो आणि वळण अजूनच आवळतं. अनुभव, धीर, काही उपयोगाचं नसतं तिथे.

मी एकदा अशाच परतीला वाटेत चाळीस मैलांवर पुढचे डोंगर दिसेनासे झालेले बघून मागे फिरलो. मागच्या सीटवर माझे सासरे होते, ते म्हणाले अहो अजून पुढे दिसतंय की. दिसत होतं. पण पाच मिनिटांपूर्वी जेवढं दिसत होतं तेवढं नव्हतं. उतरून विमान बांधलं, सगळे बसने घरी गेलो, तिसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन विमान घेऊन आलो. त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे.

म्हणून हे करा. सोमवारची रजा आत्ताच टाका. परतीचा जमिनीवरचा रस्ता, रेल्वे असो बस असो, आधीच बघून ठेवा, जमलं तर रद्द करता येण्यासारखी तिकिटंच काढून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांना निघायच्या आधी सांगा की आपण कदाचित विमानाने परत येणार नाही. आधी सांगितलं की तो प्लॅनचाच भाग होतो, तिथे ऐनवेळी सांगितलं की सगळ्यांचे चेहरे पडतात आणि ते पडलेले चेहरे बघून आपण चुकीचा निर्णय घेतो. क्लबलाही विचारून घ्या की विमान दोन दिवस तिथेच राहिलं तर चालेल का.

आणि दुपारी कशाला निघताय? ऊन तापलं की हवा वर उठते आणि खालच्या उंचीवर नुसते धक्के बसतात. दोन्ही दिवशी सकाळीच निघा.

हिशेब_आधी:

दुपारवरून आठवलं, तुम्ही जाताय ते ठिकाण किती उंचावर आहे?

नवा_पंख:

समुद्रसपाटीपासून ४००० फुटांवर. धावपट्टी लांब आहे त्यामुळे त्याचा फारसा विचार केला नव्हता.

हिशेब_आधी:

करा, कारण मी त्यातून गेलोय. तेवढ्याच उंचीवर, दुपारी ३२ अंश, चौघं बसलेलो. प्रमाण हवेत (हिशेबासाठी ठरवलेल्या नेहमीच्या हवेत) ४००० फुटांवर ७ अंश असायला हवेत, म्हणजे २५ अंश जास्त. तापलेली हवा उंचावरच्यासारखी विरळ, अंशाला १२० फूट धरले तर ३००० फूट वाढले, विमानाच्या लेखी ती धावपट्टी ७००० फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, पंख आणि प्रोपेलरलाही विरळ हवाच मिळते. त्यात मी मिक्श्चर (इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण) सवयीने पूर्ण रिच ठेवलं होतं, लीन म्हणजे पेट्रोल कमी केलंच नव्हतं. धावपट्टी अर्धी संपली आणि स्पीड ३५ च्या आसपास घुटमळत होता. अर्ध्या धावपट्टीपर्यंत उचलायच्या वेगाच्या ७० टक्के आला नाही तर सोडून द्यायचं, हे इन्स्ट्रक्टरने डोक्यात ठोकून बसवलेलं, उचलायचा वेग ५५ म्हणजे ३८ तरी हवे होते. थ्रॉटल मागे घेतला, ब्रेक लावले, थांबलो. मागे कुणी काही बोललं नाही, मला मात्र हेडसेटमधे स्वतःचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे १६ अंशाला, तीच माणसं, मिक्श्चर नीट लावलेलं, आरामात उचललं. हॅंडबुकातल्या तक्त्यात दुपारचा आकडा आधी बघितला असता तर प्रयत्नसुद्धा केला नसता.

थंड_हवा:

एक छोटी गोष्ट, केबिन हीटर लावणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर बरोबर ठेवा, बॅटरीवर चालणारा, आवाज करणारा. या विमानांत हीटरची हवा एक्झॉस्टच्या सायलेन्सरभोवती तापून येते, त्याला चीर गेली तर धूर सरळ केबिनमधे. त्या वायूला वास नसतो. डोकं दुखायला लागलं, मुलं पेंगायला लागली, की हीटर बंद, बाहेरची हवा चालू आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा.

नवा_पंख:

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री जेवण झाल्यावर हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. मागची_सीट ताई, दाराचं ऐकून ती म्हणाली हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि मग तिने स्वतःहून अजून दहा प्रश्न विचारले. उद्या संध्याकाळी तिला हँगरमधे नेतोय, नुसतं बसायला.

बदललेला प्लॅन असा. १५० लिटर, मधे हॉल्ट. ट्रिपच्या आधीच्या एका शनिवारी इन्स्ट्रक्टर आणि दोन मित्रांना घेऊन भरलेल्या विमानाची लँडिंगं. परतीला रविवारी सकाळी सातला निघायचं, आणि सोमवार मंगळवार दोन्ही दिवस रजा टाकली. मुलांना सांगितलं की कदाचित रेल्वेने येऊ, मुलगा म्हणाला मग वरचा बर्थ माझा.

एक राहिलं, तिथे दोन रात्री विमान उघड्यावर उभं राहणार आहे. चाकाला ठोकळे लावून दोर बांधीन, अजून काय?

वाऱ्याची_दिशा:

दोर स्वतःचे न्या, तिथले कुजलेले असू शकतात. दोन्ही पंख आणि शेपूट, तिन्हीकडे बांधा. आत कंट्रोल लॉक लावा (वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून) आणि पिटोवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीवर, कव्हर घाला, एका रात्रीत त्यात किडा घर करतो आणि मग टेकऑफला स्पीडचा काटा हलत नाही. सकाळी कव्हर आणि लॉक काढलं का ते हात लावून बघा. टँकमधलं पेट्रोल डिपस्टिकने मोजा, काट्यावर जाऊ नका, आणि रात्री पाऊस झाला असेल तर तळातून काढलेल्या नमुन्यात पाण्याचा थेंब दिसेनासा होईपर्यंत काढत राहा.