मदत हवी आहे: बोका पाणी पीत नाही, लघवी तुंबण्याआधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही कुडाळ तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरात सव्वा वर्षाचा बोका आहे, भुऱ्या. नसबंदी सहाव्या महिन्यात झाली, ट्रायकॅट आणि रेबीज दोन्ही लसी झाल्यात, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी देते. वरून बघाल तर ठणठणीत. तरी मला रात्रीची झोप लागत नाही, त्याचं कारण सांगते.

याच्याआधीचा आमचा काळू तीन वर्षांपूर्वी लघवी तुंबून गेला. शनिवारी संध्याकाळी तो सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसत होता. उकरायचा, बसायचा, तसाच बाहेर यायचा. आम्हाला वाटलं, कोठा जड झालाय, म्हणून चमचाभर तूप चाटवलं. रविवारी माडाच्या बुंध्यामागे जाऊन पडला, हाक मारली की नुसते डोळे उघडायचा. सोमवारी गुरांचे डॉक्टर आले, पोटाला हात लावताच म्हणाले, मूत्राशय दगडासारखं लागतंय. म्हापशाला न्यायला गाडी येईपर्यंत त्याने मान टाकली. नंतर कळलं, बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट बोळा अडकला की वाट बंद, मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. शनिवारीच गाडी काढायला हवी होती.

भुऱ्याचं सांगायचं तर आधी मी एकटी काट्यावर उभी राहते, मग त्याला घेऊन. जानेवारीत ४.१ किलो होता, आता ४.९. मुख्य खाणं कोरडे दाणे. पाण्याच्या वाडग्याकडे ढुंकून बघत नाही. सासूबाई म्हणतात, "पाणी पियणा नाय तर दूद घाल तेका." दूध दिलं तर जुलाब झाले.

त्याच्या पोटात पाणी कसं घालू? वाळूत लघवी किती झाली ते दिसतच नाही, मग रोज लक्ष कसं ठेवायचं? आणि मांजरांचा डॉक्टर इतका लांब असताना नेमकं काय दिसलं की निघायचं?

प्रतिसाद:
ताई, काळूचं वाचून गलबलून आलं. माझ्या एका बोक्याचं दोनदा तुंबलं, दोन्ही वेळा रात्रीच नेला म्हणून आज समोर बसलाय. वाडग्याच्या मागे लागू नका, पाणी जेवणातून घाला. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्याला तहान मुळातच कमी लागते. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाण्यात पाऊण भागाहून जास्त. तुमच्याकडे मासळीला तोटा नाही. बांगडा मीठ, कोकम, काही न घालता उकडा, काटे काढा आणि ते पाणी कोमट असताना दाण्यांवर ओता. कांदा-लसूण तर अजिबात नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मासा आठवड्यातून दोनदाच, एरवी उकडलेल्या कोंबडीचं पाणी चालेल. पण दाणे बंद करू नका, टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य त्यातूनच नीट मिळतं. फक्त मोजून द्या, नसबंदीनंतर बोके झपाट्याने सुटतात आणि वजनदार बोक्याला हा त्रास जास्त. पाणी पसरट भांड्यात, घमेल्यापासून लांब.

प्रतिसाद:
मी मुंबईत कुत्र्या-मांजरांवरच उपचार करतो. वाळूऐवजी लिटर घ्या, म्हणजे लघवी पडली की गोळे होणारी मांजरांसाठीची खास माती. चांगल्या बोक्याचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात, ते रोज मोजा. बारीक बारीक खूप गोळे होऊ लागले तर त्याच दिवशी फोन करा. सारखा बसतोय, कण्हतोय, खालची जागा चाटतोय आणि थेंब नाही, असं दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. घरी पोट दाबू नका, मूत्राशय फुटू शकतं. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल कधीच नको, अर्ध्या गोळीनेही मांजर जातं. एक काम मात्र आजच करा. जवळपासच्या दवाखान्यांना फोन करून विचारा, रात्री बोक्याला कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालतात का? सगळीकडे ती सोय नसते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. फोन केले. म्हापशाला एके ठिकाणी रात्रीही घेतात आणि कॅथेटर घालतात, नंबर कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवलाय. गाडीवाल्या दादांनाही सांगून ठेवलं, अपरात्री फोन आला तरी उचला.

नवं लिटर भुऱ्याने पहिल्या दिवशी हुंगून सोडून दिलं. मग जुन्या वाळूत मूठमूठ मिसळत गेले, आठवड्याने पूर्ण बदललं. बांगड्याचं पाणी तर त्याने ताटली सरकेपर्यंत चाटलं.

दुधाचा विषय सासूबाईंनी सोडला. सकाळी मी घमेलं काढायला बसले की पडवीतून विचारतात, "भुऱ्यान आज किती गोळे केल्यान?" आज तीन होते.