वादळी पावसात एकट्याने खेकड्यांना जायचंय, जाणकारांनी मदत करा

मंडळी,

येत्या शुक्रवारी रात्री पुण्याहून आंबा घाटाने गावी निघतोय. गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढे. ऑफिसात कारण सांगितलं की हसतात, पण कारण एकच: मृगाचा पाऊस लागलाय आणि खेकडे बाहेर पडलेत.

दरवर्षी मी आणि चुलतभाऊ जोडीने जातो. यंदा त्याला मुंबईहून सुट्टी मिळत नाही, आणि वाडीत आता साठीच्या आतलं कोणी उरलेलंच नाही. त्यात शनिवार-रविवारला ऑरेंज अलर्ट, सोबत सोसाट्याचा वारा आणि विजा. काकूला फोन केला तर म्हणाली, "ये हो, पण रात्रीचा पऱ्यावर गेलास तर दार उघडायची नाही."

गेल्या वर्षीचं सांगतो, म्हणजे का विचारतोय ते कळेल. वाडीखालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पोटरीभर पाणी होतं. पाऊस थांबलेला, बेडकांचा नुसता गलका. एका कपारीत तळहाताएवढा खेकडा दिसला. बॅटरी डोक्याला बांधलेली, एक हात दगडावर, दुसऱ्या हातातल्या काठीने त्याला बाहेर काढतोय. त्याने डेंग्यात काठी अशी पकडली होती की सोडेना. एवढ्यात काठीचं टोकच दिसेनासं झालं. मला वाटलं, बॅटरी मंदावली. बॅटरी ठीक होती, पाणी लाल झालं होतं. मग पोटऱ्यांना सुकी पानं, काटक्या येऊन चिकटायला लागल्या. भाऊ काठावरून बोंबलला आणि मानगूट धरून मला वर ओढलं. थोड्याच वेळात मी उभा होतो तिथे कमरेच्या वर पाणी. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळावर, पाऊस कोसळत होता, खाली आम्हाला पत्ता नाही. खेकडा काठीसकट गेला.

यंदा काठावर ओरडायला कोणी नाही. म्हणून विचारतो, पऱ्यात न उतरता पुरेसे खेकडे मिळतात का? विजा चमकत असताना किती वेळ थांबायचं? विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये आहे, पण वाडीखाली उतरलं की रेंज जाते. आणि शनिवारी रात्री धरलेले खेकडे रविवारी संध्याकाळपर्यंत पुण्याला जिवंत कसे न्यायचे? गेल्या खेपेला पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवले, सकाळी निम्मे मेलेले. मेलेला खेकडा आमच्याकडे कोणी खात नाही, सगळे टाकून दिले.

"जाऊच नका" एवढाच सल्ला असेल तर तो काकूने दिलेला आहे.

सड्यावरचा
काकू शहाण्या आहेत. पण पऱ्यात उतरायचं कारणच काय? पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरलं की खेकडे आपणहून शेताच्या बांधावर, पायवाटेवर येतात. घराच्या हाकेच्या अंतरावरच्या मळ्यात फिरा, पिशवी भरेल.

विजेचं म्हणाल तर कान पुरेसे आहेत, रेंज नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. ३०च्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, घरात या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आणि सडा तर अजिबात ओलांडू नका, तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. झाडाखाली उभं राहणंही वाईटच.

पावसाळी पाहुणा
मी उलटं सांगतो. गडगडाट जास्त तो मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात. आषाढात पाऊस जास्त, विजा त्यामानाने कमी. खेकडे कुठे पळून जाताहेत? अमावास्येच्या सुमाराला भरलेले मिळतात म्हणतात, ती गाठा. भावालाही तेव्हा सुट्टी मिळेल.

निवृत्त_सिस्टर
तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली, म्हणून लिहिते. बिळात हात घालू नका. खेकडा चावला तर रक्त येईल, पण त्याच बिळात फुरसं असलं तर? गमबूट घाला, पाय टाकण्याआधी उजेड टाका. सर्पविषावरचं इंजेक्शन जवळपास कुठे मिळतं ते निघण्याआधी विचारून ठेवा. चावल्यावर मांत्रिक नको, चिरणं-चोखणं नको. पायाला जखम असेल तर चिखलात जाऊच नका. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना आधी चिखलपाण्याचं सांगा, लेप्टोचा (चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) विचार लवकर होतो.

डेंगेबहाद्दर
तुमचे खेकडे बादलीत गुदमरले. साचलेल्या पाण्यातली हवा संपते. ओल्या गोणपाटात ठेवा, मधूनमधून पाणी शिंपडा, डिकीत उन्हाची धग लागू देऊ नका. मागून, कवचाच्या दोन्ही बाजूंनी धरा, डेंगे पोचत नाहीत.

पोटाखालची झडप बघा. अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी, आणि तिच्या झडपेखाली अंडी किंवा इवली पिल्लं दिसली तर सोडून द्या. चढणीच्या माशांचंही तेच. पोटात गाबोळी घेऊन वर चढत असतात आणि लोक पऱ्या आडवून घमेली भरतात. मग आमच्या लहानपणी किती मासे होते म्हणून रडायचं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. गोणपाट घेतलं, गमबूट आज आणतो. ह्या शनिवारी फक्त घरामागचे बांध, तेही गडगडाट नसेल तर. काकूला सांगितलं, ती म्हणाली नऊपर्यंत कडी लावणार नाही.

भावाला धागा पाठवला होता. तो आषाढातल्या अमावास्येला येतोय. म्हणाला, आधी माझी काठी भरून दे.