डोक्याला खाज आणि कोरडेपणा: कारण कसे ओळखावे?

कृष्णाकाठ (सांगली)
दिवाळीनंतर माझ्या डोक्याला सतत खाज येत आहे, भांगात पांढरा भुगा दिसतो आणि केस धुतले की त्वचा ताणल्यासारखी होते. आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि त्याचे पांढरे डाग बादलीवर, नळावर कायमचे बसले आहेत, त्यामुळे माझा पहिला संशय पाण्यावर आहे. सासूबाईंच्या मते डोके कोरडे पडले आहे, म्हणून त्या आदल्या रात्री कोमट खोबरेल तेल चोळून देतात. त्याने एक दिवस बरे वाटते, पण पुढे खाज आणखी वाढते. औषधाच्या दुकानातून एखादा शाम्पू आणण्याआधी नेमके कारण कसे ओळखायचे, हे कृपया सांगावे.

निवृत्त परिचारिका, मिरज
ताई, तेल लावल्यानंतर खाज वाढते, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. त्वचा केवळ कोरडी असेल, तर पडणारा भुगा बारीक, सुटा आणि पांढरा असतो, हातापायांची कातडीही थंडीत फुटलेली दिसते आणि तेलाने आराम टिकतो. कोंड्याचे तसे नसते. प्रत्येकाच्या डोक्यावर मॅलॅसेझिया नावाची यीस्टच्या जातीची बुरशी असते, ती त्वचेतील तेलावर वाढते आणि त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांमुळे काही जणांच्या त्वचेचा दाह होतो; अशा डोक्यावर तेल मुरवत ठेवणे म्हणजे तिला आयते जेवण वाढणे होय. तेव्हा खपली बोटांत चोळून पाहा. ती पिवळसर आणि तेलकट लागली, शिवाय भुवयांत, नाकाच्या कडेला किंवा कानामागेही तसेच सुटत असेल, तर हा त्वचेच्या कोरडेपणापेक्षा कोंड्याचा, म्हणजे सेबोऱ्हिक डर्मटायटिसचा प्रकार असण्याची शक्यता अधिक आहे. खपल्या जाड व चंदेरी असतील, त्यांखालची लाल कडा स्पष्ट असेल, कोपर आणि गुडघ्यांवरही चट्टे असतील किंवा नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसत असतील, तर सोरायसिस या दीर्घकाळ चालणाऱ्या त्वचारोगाचा विचार करावा लागतो आणि ते घरी ठरवण्याचे काम नव्हे.

उवांची शंकाही आधीच फेडून घ्यावी, विशेषतः घरात शाळेत जाणारे मूल असेल तर. ओले केस बारीक फणीने पांढऱ्या कापडावर विंचरा. कोंडा झटकला की पडतो, लिखा मात्र केसाला घट्ट चिकटलेल्या असतात आणि त्या मानेजवळ व कानांमागे जास्त सापडतात.

माणदेशी
पाण्याला एवढ्यात दोषी धरू नका. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो केसांत अडकून त्वचा रखरखीत वाटते, हे खरे; पण शाम्पूबाबत हा त्रास बराच कमी असतो. शिवाय त्याच पाण्याने न्हाणाऱ्या घरातील इतरांना खाज नसेल, तर पाणी हे एकटे कारण मानता येणार नाही. काही आठवडे शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेऊन फरक पाहणे एवढे सहज करता येईल. तुम्ही केसांना कलप किंवा काळी मेंदी लावता का?

कृष्णाकाठ (सांगली)
घरात इतर कोणालाही त्रास नाही आणि उवाही आढळल्या नाहीत. खपली चिकट, पिवळसर आहे आणि भुवयांतही थोडी आहे. काळी मेंदी मात्र मी अनेक वर्षे लावते, त्यामुळे तिचा संबंध असेल असे वाटले नव्हते.

निवृत्त परिचारिका, मिरज
वर्षानुवर्षे चाललेल्या रंगाचीही ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते. निव्वळ मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा येतो. झटपट काळा होणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हे रसायन असते आणि त्याच्या ॲलर्जीत रंग लावल्यापासून साधारण एक ते तीन दिवसांत कपाळाची कड, कान, मान आणि पापण्यांवर खाज, लाली, क्वचित सूज येते. खाज प्रत्येक वेळी मेंदीनंतरच उसळते की तिच्याशी संबंध न ठेवता चालू राहते, हे आठवून पाहा आणि तोवर मेंदी बंद ठेवा. चेहऱ्यावर सूज आली किंवा श्वास घेण्यास त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठा.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला कोंड्याचीच शंका जास्त येते. अशा वेळी डॉक्टर साधारणपणे २ टक्के केटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरायला सांगतात. फेस टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवायचा असतो, आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत. तेल तूर्त थांबवा, सासूबाईंना मी सांगितले म्हणून सांगा. स्टेरॉइड मिसळलेले मलम कोणाच्या सांगण्यावरून आणू नका. तेवढ्या मुदतीत फरक पडला नाही, केसांचे पुंजके गळू लागले किंवा पू दिसला, तर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागात दाखवा आणि जाताना मेंदीचे पाकीट सोबत न्या.