फॅमिली थेरपीच्या पहिल्याच भेटीत सगळं घर एकत्र बसवावं का?

तिसरी खुर्ची
माझं मत : हो. मुलाची तक्रार घेऊन पालक आले की घरातल्या सगळ्यांनाच बोलवा. मुलाला एकट्याला तासभर ऐकलंत तर त्याची बाजू कळेल, घर कसं चालतं ते कळणार नाही. एकत्र बसले की प्रश्न मुलाला आणि उत्तर आईचं, वडील तोंड उघडतात तोच मुलगा विषय बदलतो, हे डोळ्यांसमोर घडतं. फॅमिली थेरपीतले एक अग्रणी साल्वादोर मिनुशिन वादाचं वर्णन ऐकत बसायचे नाहीत, तो तिथेच घडवून आणायचे. ‘मला नको, त्यांनाच सांगा’ म्हणायचं आणि आपली खुर्ची मागे घ्यायची. नवशिके इथे घसरतात. अर्धा मिनिट शांतता झाली की त्यांनाच राहवत नाही, मध्ये बोलतात, आणि नवराबायकोतला तिसरा कोन होऊन बसतात. दोघांतला ताण वाढला की तिसरा ओढला जातो, तो फॅमिली थेरपिस्ट मरे बोवेन यांचा त्रिकोण हाच!

बंद दार
निदानापुरतं पटलं. उपचारही सरसकट एकत्र? संशोधक आयव्हन आयस्लर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याचा आजार) असलेल्या ४० किशोरवयीनांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. आई फार टीका करते अशा घरांत पालकांना आणि मुलाला वेगवेगळं भेटणं सरस ठरलं. माझ्या मते कारण साधं आहे : एकत्र भेटीत टीका थांबत नाही, तिला साक्षीदार मिळतो.

तिसरी खुर्ची
अर्धंच सांगितलंत. त्याच अभ्यासात खाण्याची लक्षणं वेगळ्या भेटींत जास्त सुधारली, पण मानसिक बदल एकत्र भेटींत जास्त दिसला. आणि टीका थांबवणं हे थेरपिस्टचंच काम. दुसऱ्या टोमण्यालाच अडवा : ‘तुम्ही चिडलात असं दिसतं, पण मला भीती ऐकू येते. ती सांगा.’ पाचवा टोमणा होईपर्यंत थांबलात तर मूल आतून खोलीबाहेर गेलेलं असतं.

बंद दार
हे कसब सगळ्यांकडे असतं, असं धरून चालू नका. संशोधक डॅनिएल ल ग्रांज यांच्या २०१६च्या चाचणीत ॲनोरेक्सियाचेच १०७ किशोरवयीन होते. एका गटात नर्स मुलाला थोडा वेळ भेटून वजन घेणार, थेरपिस्ट फक्त पालकांशी बोलणार. उपचार संपताना या गटात ४३ टक्के पूर्ण बरे, एकत्र गटात २२. वर्षभरानंतर हा फरक ठळक राहिला नाही, हेही सांगतो, नाहीतर पुन्हा ‘अर्धंच’ म्हणाल.

उंबरठा
दोघंही एक पायरी गाळताय. एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाला एकट्याला १५-२० मिनिटं भेटा. विचारा : वाद झाल्यावर पुढे काय होतं? इथे बोललेलं घरी गेल्यावर महागात पडेल का? कुणी कुणाला घाबरत असेल तर एकत्र भेट नाही, कितीही कसब असो. अशा वेळी मोकळं बोलायला लावणं म्हणजे घरी मार खायला लावणं.

तिसरी खुर्ची
मग गुपितांचं काय? नवऱ्यानं एकट्यानं बाहेरच्या प्रकरणाची कबुली दिली की पुढच्या भेटीत तुम्ही त्याचे भागीदार!

उंबरठा
म्हणून नियम आधी, आणि सगळ्यांसमोर सांगायचा : ‘एकट्यानं सांगितलेलं उपचाराच्या आड येत असेल तर मी ते गुपित ठेवणार नाही, तुम्हीच सांगावं म्हणून मदत करीन. मारहाणीचं किंवा भीतीचं मात्र तुमच्या परवानगीशिवाय घरातल्यांसमोर काढणार नाही.’ कबुली ऐकल्यावर नियम सांगितलात तर ती धमकी वाटते.

बंद दार
या नियमामुळे प्रकरणवाले गप्प बसतील, ते चालेल. घाबरलेली माणसं नियमाचा दुसरा भाग नीट ऐकतात का, माझी शंका तिथे आहे. तेवढा भाग एकट्या भेटीत पुन्हा सांगा.