मदत हवी आहे: नव्या सुपरवायझरसाठी ६ मिनिटांचे धडे, गाडी 'चूक दाखवणे' इथं अडलीय

नमस्कार मंडळी. सोलापुरात, टॉवेल कारखान्यातल्या कारागिरीतून नुकतेच सुपरवायझर झालेल्या १२ जणांसाठी मोबाइलवरचे छोटे धडे बनवतोय. एका धड्यात एकच काम: दीड मिनिट प्रसंग, ३ मिनिटं करून दाखवणं, शेवटी चार पर्यायांचा एक प्रश्न. त्याच पाळीत ते करून बघायचं. ३ आणि १० दिवसांनी तोच मुद्दा वेगळ्या प्रसंगातून पुन्हा विचारायचा.

काम सोपवण्याचा धडा जमलाय. हातात कसब असलेला माणूस धागा तुटला की स्वतःच धावतो आणि बाकीचे माग वाऱ्यावर. म्हणून तयार वाक्यच दिलंय: "अण्णा, हा बीम ४ पर्यंत बदला, गाठी झाल्या की मला दाखवा." (बीम म्हणजे मागावरचा ताण्याच्या धाग्यांचा रूळ; नव्याचे धागे जुन्याला गाठींनी जोडतात.) काय, कधीपर्यंत, तपासणी कधी, तिन्ही आलं. नुसतं "जरा लक्ष द्या" म्हटलं तर काही हलत नाही.

अडलंय ते चूक दाखवण्यात. कालपर्यंत एका डब्यात जेवलेल्या माणसाला टोकायचं कसं? मोबाइलवर सगळे बरोबर उत्तर देतात, कारण चुकीचे पर्याय (सगळ्यांसमोर ओरडणं वगैरे) उघडच चुकीचे आहेत. मागाजवळ मात्र तोंड उघडत नाही.

चारही पर्याय पटतील असे कसे लिहिता? पाळी बदलताना १० मिनिटं मिळतात, त्यात जोडीनं सराव कुणी घेतलाय का? आणि निम्मे जण घरी तेलुगू बोलतात; आवाज तेलुगूत द्यावा, की मराठीत ठेवून फक्त प्रसंगातले संवाद तेलुगूत?

कृपया पीपीटी पाठवू नका, त्यांचा ढीग पडलाय. एखादा लिहिलेला प्रसंग असेल तर तेवढा टाका.